अभ्यासासाठी म्युझिक प्लेअर: कोणता घ्यावा आणि तो कुठे अडतो

कॉलेज-विद्यापीठाच्या अभ्यासाला छोटा बटनांचा म्युझिक प्लेअर उपयोगी पडतो का, तर पडतो, आणि चांगलाच पडतो. फक्त बहुतेक जण तो वाचताना मागे गाणी लावायला घेतात, आणि त्या कामात त्याचा फायदा सगळ्यात कमी आहे. त्याचं खरं काम उजळणीचं. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला किंवा सेलूहून परभणीला रोज अप-डाऊन करणाऱ्यांचे दिवसाचे दोन-अडीच तास एस.टी.त नाहीतर पॅसेंजरमध्ये जातात. गर्दीत उभं राहून वही उघडता येत नाही, फोन काढला की आधी मेसेज दिसतात. त्या वेळेत कानाने उजळणी करून देणारं साधन म्हणून इथे हे प्लेअर पाहिले आहेत.

त्यामुळे या परीक्षणात आवाजाच्या गोडव्याला फार गुण नाहीत. बोललेला मराठी मजकूर स्पष्ट ऐकू आला की पुरे. पाहायचं ते चार गोष्टींत: बंद करून पुन्हा चालू केल्यावर प्लेअर त्याच जागेवरून सुरू होतो का, फाइली क्रमाने वाजवतो का, खिशात हात घालून न पाहता बटनं दाबता येतात का, आणि बॅटरी पूर्ण दिवस टिकते का. यातली पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानदार नेमकी तीच सांगत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना २० जीबीचे आयपॉड दिले होते, सोबत आवाज टिपायचा जोडही. अभ्यासासाठी सगळ्यात जास्त वापर झाला तो रेकॉर्डिंगचा. ऐकण्याचं यंत्र हाती आल्यावर मुलांनी त्याचं टिपण्याचं यंत्र केलं. आपल्याकडे प्लेअर निवडताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तीन-चारशे रुपयांचा क्लिपवाला

संभाजीनगरमधल्या पैठण गेटच्या मोबाइल दुकानांत किंवा लातूरच्या गंजगोलाईत जो रंगीत, चिमटा असलेला, बहुधा बिनापडद्याचा प्लेअर मिळतो तो हा. आत स्वतःची मेमरी नसते, मायक्रो एसडी कार्ड घालावं लागतं. वजन नगण्य, किंमत कमी, हरवला तर जीव जळत नाही. बॅटरी अगदी छोटी असल्याने चार तासांच्या पुढे अपेक्षा ठेवू नये.

याचे दोष नीट समजून घेतले तर त्यातले निम्मे घरबसल्या काढता येतात.

पहिला दोष जागा विसरण्याचा. बंद केला की यातले बरेचसे प्लेअर त्या फाइलच्या सुरुवातीला जातात, काही तर थेट पहिल्या फाइलवर. एक तासाचं व्याख्यान ४३ व्या मिनिटाला थांबवलं तर परत तिथपर्यंत बटन दाबून धरत जायचं, आणि बसने धक्का दिला की बोट सुटून पुढची फाइल लागते. उपाय एकच: तासाची एक फाइल ठेवूच नका. १० ते १२ मिनिटांचे तुकडे करा. मग विसरला तरी नुकसान दहा मिनिटांचं.

दुसरा क्रमाचा. स्वस्त प्लेअर फाइलींची नावं वाचून क्रम लावत नाही. कार्डावर फाइल ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतो. फॅट (कार्डावर फाइलींची नोंद ठेवायची एक जुनी पद्धत) वापरणाऱ्या कार्डावर नोंदी अशाच एकाखाली एक होत जातात. संगणकाच्या पडद्यावर ००१, ००२, ००३ असं नीट दिसतं, पण प्लेअरमध्ये सातवा भाग आधी आणि पहिला नंतर येतो. म्हणून सगळ्या फाइली एकदम निवडून ओढू नका. कार्ड आधी रिकामं करून फॉरमॅट करा, मग एकेक फाइल क्रमाने टाका. फाइली खूप असतील तर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट आणि लिनक्सवर फॅटसॉर्ट हे छोटे फुकट प्रोग्रॅम नोंदींचा क्रम लावून देतात. मधली एक फाइल नंतर बदलली तर क्रम परत बिघडू शकतो, तेव्हा तो प्रोग्रॅम पुन्हा चालवावा.

तिसरा कार्डाचा. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड फॅट-३२ मध्ये येतं आणि चालतं. ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतं आणि या प्लेअरला ते दिसतच नाही. दुकानात 'कार्ड खराब आहे' म्हणून परत देतात, पण कार्ड चांगलं असतं. तसंही ६४ जीबी लागत नाही. हिशोब असा: बोलण्याचं रेकॉर्डिंग एकेरी (मोनो) आवाजात ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट माहिती) तासाला साधारण २९ एमबी घेतं. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात अडीचशे तासांहून जास्त बसतं. पूर्ण पदवीची उजळणी त्यात मावते. मोठ्या कार्डाच्या पैशात चांगल्या रबरी बोंडांचे इअरफोन घ्या.

स्वस्त कार्ड मात्र नकली निघतं. वर ३२ लिहिलेलं, आत ४ किंवा ८. पहिले काही तास ठीक वाजतं, त्यापुढच्या फाइली शांत किंवा खरखरीत. एचटूटेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून परत वाचतो आणि खरी जागा सांगतो; वेळ लागतो, रात्री लावून ठेवावा. परीक्षेच्या आठवड्यात फाइली गायब होण्यापेक्षा एक रात्र परवडली.

चौथा दोष फाइलीच्या जातीचा. व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीने किंवा सरांनी पाठवलेला व्हॉइस मेसेज ओपस प्रकारचा असतो, फोनच्या रेकॉर्डरमधली फाइल बहुतेक एम-फोर-ए असते. दोन्ही या प्लेअरला कळत नाहीत, तो गुपचूप पुढच्या फाइलवर उडी मारतो आणि वाटतं की कॉपीच झाली नाही. फाइलच्या नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन बदलून एमपीथ्री लिहिल्याने काही होत नाही. संगणकावर ऑडॅसिटी किंवा व्हीएलसी या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडून खरोखर एमपीथ्री करावं लागतं. करताना बिटरेट, म्हणजे तो केबीपीएसचा आकडा, स्थिर ठेवा. बदलत्या बिटरेटच्या फाइलमध्ये स्वस्त प्लेअर वेळ चुकीची दाखवतो आणि पुढे-मागे नेताना भलतीकडे जाऊन पडतो.

आणि पडदा असलाच तर देवनागरी नावं चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. फोल्डरला आणि फाइलला आकडे द्या, किंवा रोमन अक्षरांत नाव लिहा. दुसरी युक्ती जास्त चांगली: प्रत्येक फाइलच्या पहिल्या चार सेकंदांत स्वतःच बोला, 'अर्थशास्त्र, घटक तीन, भाग दोन'. मग पडदा लागतच नाही.

एवढं सांभाळलं तर हा प्लेअर पैसे वसूल करून देतो. सांभाळणार नसाल तर पंधरा दिवसांत तो टेबलाच्या कप्प्यात जातो.

सॅनडिस्कचे क्लिप

अभ्यासाच्या दृष्टीने बनवल्यासारखे वाटावेत असे प्लेअर म्हणजे सॅनडिस्कची क्लिप मालिका. दुकानात क्वचित दिसतात, ऑनलाइन किंवा वापरलेले शोधावे लागतात. क्लिप जॅममध्ये ८ जीबी आत आणि वर कार्डाची खाच, बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार १८ तास. क्लिप स्पोर्ट प्लसमध्ये १६ जीबी, ब्लूटूथ आणि २० तास, पण कार्डाची खाच नाही. दोन्हींत गाणी आणि बोललेली पुस्तकं वेगळी धरली जातात: फाइल ऑडिओबुक्सच्या किंवा पॉडकास्टच्या फोल्डरमध्ये टाकली की प्लेअर तिची जागा लक्षात ठेवतो. म्युझिकच्या फोल्डरमध्ये टाकलीत तर नाही. 'हा पण विसरतो' अशी तक्रार करणाऱ्यांची फाइल बहुतेक वेळा चुकीच्या फोल्डरमध्ये असते.

यापेक्षा जुना क्लिप प्लस किंवा क्लिप झिप कुणाकडे पडून असेल तर तो सोडू नका. त्यावर रॉकबॉक्स हे फुकट सॉफ्टवेअर चढतं. रॉकबॉक्स युटिलिटी उतरवायची, प्लेअर जोडायचा, मॉडेल निवडून इन्स्टॉल दाबायचं, आणि मध्ये सॅनडिस्कची मूळ फर्मवेअर फाइल मागितली तर ती द्यायची, एवढंच. त्यानंतर प्रत्येक फाइलला खुणा ठेवता येतात आणि सूर न बदलता वेग वाढवता येतो. वेगासाठी साउंड सेटिंगमध्ये टाइमस्ट्रेच चालू करून प्लेअर एकदा बंद-चालू करावा लागतो. ही पायरी सुटली तर वेगासोबत आवाजही पातळ होतो. स्पोर्ट आणि जॅमवर रॉकबॉक्स चालत नाही, विकणारा चालतं म्हणाला तरी.

आयपॉडबद्दल थोडक्यात. शफल आणि नॅनो २०१७ मध्ये, टच मे २०२२ मध्ये बंद झाला. वापरलेला मिळतो, पण बॅटरी म्हातारी असते आणि फाइल भरायला आयट्यून्ससारखं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर लागतं. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या लॅपटॉपवर पटकन भरून घेता येत नाही. खोलीवर राहणाऱ्या मुलांसाठी हीच अडचण मोठी. अँड्रॉइडवर चालणारे टचचे प्लेअरही मी सुचवणार नाही. त्यात यूट्यूब येतं, आणि मग फोन घरी ठेवण्याला काय अर्थ राहिला?

टिपायचं असेल तर रेकॉर्डर

ज्यांना तासाला बसून व्याख्यान टिपायचं आहे त्यांनी प्लेअरमधल्या 'रेकॉर्ड' बटनावर विसंबू नये. त्यातला माइक जवळचा आवाज पकडतो, फळ्यापासून चौथ्या बाकावर फक्त पंखा. या कामाला सोनीचा आयसीडी-पीएक्स ४७० सारखा रेकॉर्डर हवा. ४ जीबी मेमरी, १२८ केबीपीएसला जवळजवळ ६० तासांचं रेकॉर्डिंग, दोन ट्रिपल-ए सेल, आणि अंगातूनच सरकून बाहेर येणारं यूएसबीचं टोक. केबल हरवायचा प्रश्न नाही, सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. ऐकताना वेग कमी-जास्त होतो, एखाद्या तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी खूण लावून (अ-ब) तोच फिरवत ठेवता येतो. किंमत क्लिपवाल्याच्या कितीतरी पट आहे; दोघा-तिघांनी मिळून एक घेतला तरी चालतो, कारण तास एकच आणि फाइल सगळ्यांना देता येते.

वापरताना तो बाकावर थेट ठेवू नका. वही सरकवली, पेन ठेवलं की त्याचा ठोका बोलण्यापेक्षा मोठा येतो. खाली घडी केलेला रुमाल घाला. पहिल्या दोन बाकांत बसा आणि पंख्याच्या बरोबर खालची जागा टाळा. वेव्ह प्रकारात टिपू नका. दर्जा उत्तम येतो, पण तासाला ६३५ एमबी जातात आणि बोलण्याला त्याची गरज नाही. आणि शिकवणाऱ्यांना आधी विचारा. बहुतेक सर-मॅडम हो म्हणतात. पण परवानगीशिवाय टिपलेलं ग्रुपवर फिरवणं चुकीचं आहे आणि नंतर सगळ्याच वर्गाला बंदी होते.

एक ठाम मत: टिपलेलं पूर्ण व्याख्यान परत ऐकणं हा वेळेचा अपव्यय आहे. पाच विषयांचे पाच तास परत ऐकायला पाच तास लागतात, आणि ते ऐकताना माणूस डुलक्या घेतो. व्याख्यानाचं रेकॉर्डिंग वहीतली सुटलेली जागा भरायला वापरा. मग प्लेअरमध्ये जे भरायचं आहे ते वेगळं तयार करा. कसं ते पुढे.

कीपॅडचा फोन विसरू नका

घरात आजीचा किंवा शेतावर नेण्याचा बटनांचा फोन असेल आणि त्याला कार्डाची खाच असेल, तर नवा प्लेअर घ्यायच्या आधी तो वापरून पाहा. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घेतो, एमपीथ्री वाजवतो, एफएम आहे, टॉर्च आहे. बॅटरी निघते, नोकियाच्या बीएल-५सी जातीची असेल तर १०२० एमएएचची आणि तालुक्याच्या ठिकाणीही सहज बदलून मिळते. क्लिपवाल्याच्या कितीतरी पट ती टिकते. जागा लक्षात ठेवणं आणि वेग यांत तो कच्चा, म्हणून दहा मिनिटांच्या तुकड्यांचा नियम इथेही. सिम काढून वापरला तर अभ्यासाच्या वेळी तो पूर्णपणे प्लेअर होतो.

त्यात भरायचं काय

इथेच सगळं यश-अपयश आहे, यंत्र दुय्यम. नोट्स मोठ्याने वाचून टिपल्या आणि ऐकत राहिलं तर ओळखीचं वाटतं, येतं असं वाटतं, पेपरात आठवत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत स्वतःला आठवायला लावणारे पुढे जातात. कानाच्या उजळणीतही तोच फरक पाडता येतो. त्यासाठी फाइलमध्ये प्रश्न हवा, मग शांतता, मग उत्तर.

उदाहरणार्थ कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी: 'खुनाची शिक्षा, भारतीय न्याय संहिता, कलम?' सहा सेकंद शांत. 'एकशे तीन. जुन्या दंडसंहितेत तीनशे दोन.' परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मुलांसाठी: 'कपाशीची गुलाबी बोंडअळी, शास्त्रीय नाव?' शांतता. 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला.' मग एकदा सावकाश तोडून, 'पेक्टिनो-फोरा, गॉसि-पिएला'. लॅटिन नावं, कलमं, सनावळी, सूत्रांची नावं, इंग्रजी शब्दांचे अर्थ यांना ही पद्धत फार शोभते. गणिताच्या सिद्धता, अर्थशास्त्रातले आलेख, रसायनातल्या रचना कानाने होत नाहीत. त्यांच्यासाठी प्लेअर बाजूला ठेवून कागद घ्यावा.

शांततेची लांबी मोजून ठेवा. एका शब्दाचं उत्तर असेल तर ५ ते ६ सेकंद, दोन ओळींची व्याख्या असेल तर १० ते १२. तीन सेकंद ठेवले की उत्तर आठवायच्या आत येतं आणि सगळी मेहनत वाया जाते. प्रश्न ४ सेकंद, थांबा ६, उत्तर ६ असं धरलं तर चाळीस प्रश्न १० मिनिटं ४० सेकंदांत बसतात. एका तुकड्याला चाळीस प्रश्न, हे माप बरोबर पडतं. संभाजीनगरहून जालन्यापर्यंत असे चार-पाच तुकडे सावकाश होतात.

टिपायची जागा: पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, बाथरूममध्ये तर फारच. कपाट उघडून त्यातल्या कपड्यांकडे तोंड करून किंवा गोधडी अंगावर घेऊन बोललं तर फोनच्या साध्या रेकॉर्डरवरही स्वच्छ येतं. माइक तोंडापासून वीतभर दूर आणि थोडा बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर बसत नाही. पंखा बंद. सगळे प्रश्न सलग बोलून घ्या, थांबे नंतर घाला.

मग ऑडॅसिटीत, या क्रमाने. आधी हाय-पास फिल्टर १०० हर्ट्झवर, म्हणजे पंख्याची आणि रस्त्याची खालची घरघर जाते. खरखर उरली तर नॉइज रिडक्शन: ज्या ठिकाणी कुणी बोलत नाही असा एक-दोन सेकंदांचा भाग निवडून त्याचा नमुना द्यायचा, मग पूर्ण फाइलवर लावायचं. १२ डेसिबलच्या वर नेऊ नका, आवाज डब्यातून बोलल्यासारखा होतो. मग ट्रंकेट सायलेन्सने बोलतानाच्या अडखळण्याच्या जागा कापा. हे थांबे घालायच्या आधीच करायचं. नंतर केलंत तर मुद्दाम ठेवलेली शांतताही कापली जाते, आणि ही चूक सर्रास होते. त्यानंतर जनरेट मेनूमधल्या सायलेन्सने प्रत्येक प्रश्नानंतर थांबा घाला. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे एक फाइल कुजबुजती आणि दुसरी कानठळी बसवणारी असं होत नाही. निर्यात करताना एमपीथ्री, मोनो, स्थिर ६४ केबीपीएस.

व्याख्यानातला एखादा उतारा पटकन ऐकायचा असेल आणि प्लेअरला वेगाचं बटन नसेल तर वेग फाइलमध्येच भरा. ऑडॅसिटीत चेंज टेंपो वापरून २५ टक्के वाढवलं की तासाचं काम ४८ मिनिटांत होतं. चेंज स्पीड निवडू नका, त्याने आवाज चिमणा होतो. नव्या विषयाला यापेक्षा जास्त वेग नको.

यंत्राकडून मजकूर वाचून घेण्याचीही सोय आहे. एज ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज बऱ्यापैकी नैसर्गिक आहेत. पण जोडाक्षरी संज्ञा, संस्कृत श्लोक, शास्त्रीय नावं यांत ते घसरतात. स्वतःच्या किंवा वर्गमित्राच्या आवाजात केलेलं बरं. प्रश्न काढतानाच अर्धा अभ्यास होऊन जातो.

उजळणी कधी करायची, तर फाइल केल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. सोपा मार्ग म्हणजे कार्डावर चार फोल्डर करणं आणि फाइल पुढच्या फोल्डरमध्ये ढकलत जाणं. जे प्रश्न दोनदा चुकले त्यांची शनिवारी वेगळी फाइल करावी.

वाचताना गाणी

शब्द असलेलं गाणं लावून वाचू नये. वाचलेले शब्द मनात धरून ठेवायची जी जागा, तिथेच ऐकलेले शब्द घुसतात. मराठी वाचताना मराठी गाणं सगळ्यात जास्त अडवतं. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते हा समज १९९३ च्या एका छोट्या प्रयोगातून पसरला. त्यात छत्तीस विद्यार्थी होते, फायदा जागा-आकाराच्या कोड्यांपुरता होता आणि दहा-पंधरा मिनिटांत विरला. अभ्यासिकेत शेजारी कुजबुज चालू असेल तर तानपुऱ्याचा किंवा पावसाचा सलग आवाज हलका लावावा, तो कुजबुज झाकतो. एवढाच त्याचा उपयोग.

कान, बॅटरी, ऊन

एस.टी.च्या इंजिनाजवळ बसून साध्या इअरफोनने ऐकायचं म्हटलं की आवाज टोकाला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आहे, आणि ९० डेसिबलवर फक्त ४ तास. म्हणजे रोज अडीच तास मोठ्याने ऐकणाऱ्याचा आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपतो. रबरी बोंडांचे, कानात घट्ट बसणारे इअरफोन बाहेरची घरघर अडवतात आणि आवाज निम्म्यावर ठेवून काम होतं. रस्ता ओलांडताना ते काढायचेच. एफएम ऐकायचं असेल तर तारेचेच घ्या. ती तार हाच अँटेना असतो.

भारनियमनाच्या दिवसांत पॉवर बँकेवर प्लेअर लावला आणि सकाळी तो रिकामाच निघाला, असं झालं तर प्लेअरला दोष देऊ नका. छोटी बॅटरी फार कमी प्रवाह ओढते, पॉवर बँकेला वाटतं की काहीच जोडलेलं नाही आणि ती स्वतः बंद पडते. कमी प्रवाहाची सोय असलेली पॉवर बँक घ्या, नाहीतर सोबत फोनही लावून ठेवा. यूएसबी-सी टोकाचा स्वस्त प्लेअर दोन्ही बाजूंना सी असलेल्या केबलवर बऱ्याचदा चार्ज होत नाही. जुन्या चपट्या यूएसबीपासून सीला जाणारी केबल वापरा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. दुपारी खिडकीत चार्जिंगला लावलेला प्लेअर महिन्याभरात फुगू शकतो. चिमटा उचकटल्यासारखा दिसला, पाठ वर आली तर वापर लगेच थांबवा, टोचू किंवा दाबू नका. रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करा. सुट्टीला गावी जाताना निम्मी बॅटरी भरून ठेवा, पूर्ण रिकामी ठेवलेली परत उठत नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी

त्यांच्या बाबतीत प्लेअर हे पाठ्यपुस्तकच आहे, म्हणून इथे तडजोड करू नये. डेझी पद्धतीचं पुस्तक वाजवणारा प्लेअर घ्यावा: त्यात प्रकरण, उपप्रकरण, पान असं उडी मारत जाता येतं, साध्या एमपीथ्रीत ते जमत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून अशी पुस्तकं नोंदणी करून मिळतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची वाचता-ऐकता येणारी प्रत करायला मुभा आहे, त्यामुळे विभागातल्या ग्रंथपालांकडे मागणी करायला संकोच नको. कमी खर्चात करायचं तर रॉकबॉक्स चढवलेला जुना क्लिप: त्याचा मेनू बोलतो, फोल्डरची नावंही बोलून दाखवता येतात. वाचून देणाऱ्या मित्रांनी प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पान क्रमांक बोलावा, तक्ता आला तर आधी किती रांगा आणि किती स्तंभ ते सांगावं.

पैसे देण्याआधी

घरून एक ८ जीबीचं कार्ड तयार करून न्या. त्यात दहा-दहा मिनिटांच्या सहा फाइली मुद्दाम उलट क्रमाने टाकलेल्या, एक बदलत्या बिटरेटची, एक पाच सेकंदांची पूर्ण शांत फाइल. काउंटरवर तिसरी फाइल लावा, चार मिनिटांवर जा, पूर्ण बंद करा, परत चालू करा आणि तो कुठून सुरू होतो ते ऐका. शांत फाइल लावून आवाज वाढवा. फुस्स ऐकू आलं तर रात्रीच्या अभ्यासाला तो त्रास देईल. इअरफोनची पिन हलकेच फिरवा, एका कानाचा आवाज जातो का पाहा. प्लेअर खिशात घालून चाचपून थांबवा आणि पुढची फाइल लावा. बटनं लॉक करायची सोय आहे का ते विचारा. ती नसेल तर बसच्या गर्दीत तो आपोआप दाबला जातो आणि उत्तराच्या जागी पुढचा विषय सुरू होतो. दुकानदार कार्ड घालू देत नसेल तर शेजारच्या दुकानात जा.